शेवटून दुसरी दाढ

वडीगोद्रीच्या डॉक्टराने माझी चांगली दाढ उपटली तो मंगळवार होता. मी तेरा वर्षांची होते, आठवीत शिकत होते, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा हिवाळा संपत आला होता. किडलेली दाढ तिच्या पुढची होती, म्हणजे मागून मोजलं तर दुसरी. ती आणखी पंधरा दिवस माझ्या तोंडात राहिली. कोणती दाढ दुखते हे मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी ते सांगितलं होतं.

आमचं गाव वडीगोद्रीपासून दोन कोसांवर. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. कचेरीचं काम निघालं की माणसं औरंगाबादला जात. गावाच्या पूर्वेला आमची वस्ती, वस्तीच्या तोंडाशी आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली दादांची खुर्ची. दादा म्हणजे माझे वडील. दीक्षेनंतर वस्तीतून शिकून मास्तर झालेला पहिला माणूस. ते गावच्या शाळेत पाचवीला शिकवत आणि रोज सकाळी शाळेआधी वस्तीतल्या पोरांना आमच्या ओसरीत बसवून पाढे म्हणवून घेत. माझी जाग त्या पाढ्यांनी व्हायची. एकोणतिसाचा पाढा सुरू झाला की मायची भाकरी तव्यावर पडलेली असायची आणि पलीकडच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचं इंजिन पुक् पुक् करत चालू झालेलं असायचं. दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन तोंडं आंबली होती. दाढ उपटली त्या वर्षी मात्र ज्वारी बरी आली होती, आणि माय पहिली भाकरी उतरवली की तिच्याकडे क्षणभर बघत राही. दादांना भाकरी पातळ लागे, तिखट कमी लागे, ताटाशी पाण्याचा तांब्या उजव्या हाताला लागे. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. ज्या माणसाला लहानपणी गावच्या आडावर कोणी उभं केलं नाही, ज्याचं बोलणं चावडीवर कोणी ऐकून घेतलं नाही, तो शिकून आला होता. त्याचं आता सगळे ऐकत. वस्ती ऐके, आणि घर तर ऐकेच.

त्याला अपवाद एकच. सोजरआत्या, दादांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही; आमच्या भिंतीला लागून तिची एक खोली होती. ती दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जाई, दिवसातून चार वेळा मिश्री लावी आणि दादांना एकटीच ‘अरे’ म्हणे. “मास्तर आसशील शाळंत. हितं शेंबडा म्हणून मीच पुसलंय तुला,” असं ती भरल्या ओसरीत बोलायची. दादा हसायचे. दुसऱ्या कोणाच्या बोलण्यावर ते असे हसलेले मी पाहिले नाहीत.

दाढ संक्रांतीच्या सुमाराला दुखू लागली. तिळाची वडी चावताना खालच्या डाव्या बाजूला कळ गेली ती थेट कानात. आठवडाभर मी उजवीकडून खाल्लं. मग थंड पाणी लागेना, मग गरम लागेना, मग दाढेवर दाढ टेकली तरी डोळ्यांत पाणी येऊ लागलं. जिभेने चाचपून मी जागा पक्की केली होती. सगळ्यात मागे नुकतीच उगवू लागलेली एक दाढ होती, तिला हात लावला तरी काही होत नव्हतं. तिच्या पुढची, गालाच्या बाजूने जिला तळाशी काळा ठिपका होता, ती दुखत होती. मायने लवंग दिली. नंतर कापूर दिला. नंतर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. हिरडीवर हरभऱ्याएवढी पुळी आली, तिच्यातून खारट, घाण चवीचं काहीतरी येई आणि दोन दिवस बरं वाटे. मग पुळी मिटे आणि कळ परत सुरू होई.

आत्याने एका दुपारी मला तिच्या खोलीत नेलं. चुलीवर लोखंडी पळी तापत ठेवली होती, तिच्यात तेलाचे थेंब आणि रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी. वरून फुटक्या गाडग्याचं तोंड उपडं घालून त्यातून बोरूची नळी काढली होती. “धूर घे तोंडात. गिळू नगंस. ह्या परातीत लाळ पडू दी,” ती म्हणाली. मी धूर घेतला, खोकले, लाळ पाण्यात पडली. परातीत पांढरे बारीक कण तरंगू लागले. “हे बघ. हे बघ किडे! सात निघले. आता बिलकुल दुखायचं न्हाई.” मी किडे पाहिले आणि मला खरोखर बरं वाटलं. ते रात्रीपर्यंत टिकलं.

दादांना हे समजलं तेव्हा ते ओरडले नाहीत. त्यांनी आत्याकडून रिंगणीचं मूठभर बी मागून घेतलं, तीच पळी, तेच गाडगं मांडायला लावलं, आणि नळीच्या तोंडाशी माणूस न बसवता तो धूर नुसत्या पाण्यावर सोडला. वस्तीतली दहा-बारा माणसं जमली होती. पाण्यात पांढरे कण आले. “सोजरबाई, पाण्याचा कोणता दात किडलाय?” दादांनी विचारलं. लोक हसले. आत्याही पदर तोंडाला लावून हसली. “मंग बीच किडकं आसंल,” ती म्हणाली, आणि पुन्हा हसू झालं. बियांचे कोंब असतात ते, गरम झाले की सुटतात, असं दादांनी पोरांना समजावून सांगितलं.

दादांचं बरोबर होतं. हे लिहिणं आवश्यक आहे. ते अडाणी नव्हते, दुष्ट नव्हते, त्या वेळी त्या गावात त्यांच्याइतकं नीट विचार करणारं माणूस कोणी नव्हतं. म्हणून पुढच्या गोष्टीत त्यांना विचारायची कोणाची छाती झाली नाही, आणि त्यांना स्वतःलाही विचारावंसं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला उंबऱ्यात बसवून तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारला आणि पेन्सिलीच्या टोकाने ओठ बाजूला केला. मागची नवी दाढ तेव्हा अर्धीच वर आली होती. तिच्या मागच्या भागावर हिरडीची साय चढलेली होती. आजूबाजूची हिरडी सुजून लाल. दादांना दिसलं ते एवढंच, की शेवटची दाढ अर्धी आहे. “खाऊन गेली आर्धी,” ते मायला म्हणाले. “बघ. मागचा भागच न्हाई राह्यला.” मी तोंडात पेन्सिल असतानाच ‘ती न्हाई’ असं काहीतरी म्हणाले. त्यांनी टॉर्च बंद केला. “सुमे, दुखणं हलतं. एका जाग्यावर दुखतं आन् दुसऱ्या जाग्यावर वाटतं. पुस्तकात आहे ते.” हेही खोटं नाही. पुस्तकात ते आहे.

मंगळवारी त्यांनी शाळेतून रजा काढली आणि मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून वडीगोद्रीला नेलं. हायवेला लागून किराण्याचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत डॉक्टर बसे. त्याचं शिक्षण काय होतं हे मला नंतरही कळू शकलं नाही. पाटीवर नावापुढे ‘डॉक्टर’ आणि खाली ‘सर्व रोगांवर इलाज’ एवढंच रंगवलेलं होतं. खोलीत लाकडी खुर्ची, तिच्या पाठीला डोकं टेकायला गुंडाळलेलं पोतं, स्टोव्हवर उकळत्या पाण्यात जंबूर. एक कंपाउंडर होता, त्याचं काम डोकं धरायचं. दुसऱ्या पेशंटांसाठी बाहेर बाक टाकला होता. त्यांना आतलं सगळं ऐकू येत असे.

“या मास्तर. कोनती?” डॉक्टरने दादांना विचारलं. मी खुर्चीत बसले होते. तोंड माझं होतं.

“खालची डावी. शेवटची. आर्धी सडली आहे.”

मी म्हणाले, “ती न्हाई. तिच्या पुढची.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, “मी टॉर्चनं बघितलंय.”

“लेकराला भ्याव वाटतं, मास्तर. समद्यांचं आसंच. मागं एक बाबा आल्ता, म्हने सगळेच दात दुखून राह्यले. मी म्हनलं, सगळे काढू का? तर गपचूप एकावर बोट ठिवलं.” कंपाउंडर हसला. दादा थोडं हसले. मग कंपाउंडरने मागून माझं कपाळ धरलं, डॉक्टरने बधिर करायची सुई दिली, आणि सुई चढायला जेवढं थांबायचं तेवढं न थांबता जंबूर घातलं. मी पुन्हा म्हणाले, ‘पुढची’. तो शब्द नीट आला नाही, कारण तोंडात जंबूर होतं. पण दादा हातभर अंतरावर उभे होते आणि तेरा वर्षं माझं बोलणं त्यांना कळत होतं.

दाढ सहज निघाली नाही. तिची मुळं धड होती. डॉक्टरने गुडघा खुर्चीच्या कडेला टेकवून तीनदा हिसका दिला. तिसऱ्या हिसक्याला आवाज झाला तो मला कानाच्या आतून ऐकू आला, ओली फांदी मोडावी तसा. त्याने दाढ पांढऱ्या ट्रेमध्ये टाकली. तिच्यावर रक्त होतं आणि रक्ताखाली ती स्वच्छ होती, पांढरी, मागूनही पुरती. डॉक्टरने ती उलटून पाहिली आणि म्हणाला, “मजबूत होती.” दादांनीही पाहिलं. दोन मोठ्या माणसांनी ती दाढ एकाच वेळी पाहिली आणि दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही.

मी पुढे एका दैनिकात उपसंपादक म्हणून नोकरी केली. तिथे अपघाताची बातमी घेऊन आलेल्या नवीन वार्ताहराला मी एक प्रश्न हमखास विचारत असे: जखमी शुद्धीवर होता का? होता म्हटलं की दुसरा: मग त्याला विचारलंत का? निम्म्या वेळा उत्तर असायचं की फौजदारांना विचारलं, सरपंचांना विचारलं. मी ती बातमी परत करत असे. तेव्हा माझा आवाज चढतो अशी तक्रार वरपर्यंत गेली होती. तक्रार खरी होती.

घरी माझं पथ्य सुरू झालं. दादांनी ते वहीच्या कागदावर लिहून चुलीच्या वरच्या खिळ्याला अडकवलं. कापूस तासभर दाबून धरणे. थुंकणे नाही. गरम, तिखट, आंबट नाही. चूळ दुसऱ्या दिवसापासून, कोमट मिठाच्या पाण्याची. माय मला ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, गार करून देई. मुगाचं पाणी देई. भाकरीचा पापुद्रा काढून मऊ भाग दुधात कुस्करून देई. त्या तीन दिवसांत मला घरात कधी मिळाली नव्हती एवढी सेवा मिळाली. वस्तीतल्या बाया बघायला येत. “निघली न्हवं? सुटलीस बाई,” म्हणत. जिथून दाढ काढली होती तो खड्डा भरत होता, तिथे दुखणं रोज कमी होत होतं. त्याच्या पुढची दाढ मात्र तशीच ठणकत होती. मी बुधवारी सांगितलं. गुरुवारी सांगितलं. “काढल्याचं दुखत आसंल,” माय म्हणाली. “दात काढला ना? मंग आता दुखंल कसं?” असं शेजारीण म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं. दाढ काढल्यामुळे दाढ दुखणं आता अशक्य झालं होतं. माझ्याकडे आधी एक दुखणं होतं. आता ते सांगायला जागाही उरली नव्हती.

शुक्रवारी ताप आला. शनिवारी गाल कानापासून हनुवटीपर्यंत ताठ झाला, कातडी चकाकू लागली. दादांनी कागदावर एक ओळ वाढवली: विटेचा शेक. माय वीट तापवून फडक्यात गुंडाळून गालाला लावी. आज कोणताही दातांचा डॉक्टर सांगेल की पू झालेल्या सुजेला बाहेरून शेक देऊ नये, तो पू बाहेरच्या बाजूला ओढतो. आम्ही तीन दिवस शेक दिला. सोमवारी गालावरची सूज खाली गळ्याकडे उतरली तेव्हा माय म्हणाली, “गालाची कमी झाली बघा.” मंगळवारी तोंडात एक बोट जेमतेम जाई. बुधवारी कण्याही गिळेनात. पाणी गिळायला मी मान पुढे करून दोन्ही हातांनी उंबरा धरत असे. मला आडवं झोपता येत नव्हतं. आडवं झालं की जीभ मागे ढकलल्यासारखी होई आणि श्वास अडे. मी भिंतीला टेकून बसून राहायची. दादा दिवसातून दोनदा येऊन कपाळाला हात लावत. त्यांना काळजी होती. ते दोनदा वडीगोद्रीला जाऊन त्या डॉक्टराकडून गोळ्या घेऊन आले. मी पाटीवर लिहून दाखवलं: पुढची दाढ. त्यांनी वाचलं. पाटी खाली ठेवली. “सुमे, हट्ट सोड,” ते म्हणाले.

त्या वेळी मला जिवाची भीती नव्हती. तेराव्या वर्षी ती नसते. मला राग होता, आणि तो इतका होता की तापात तो वेगळा ओळखू येत नसे. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, तुझं बरोबर आहे. मी मेले असते तर वस्तीत ‘दाढ काढल्याचं विष चढलं’ असं बोललं गेलं असतं, आणि खड्ड्याच्या पुढची दाढ माझ्याबरोबर गेली असती. हा विचार मी तेव्हा याच शब्दांत केला नसेल, पण केला होता.

गुरुवारी सकाळी सोजरआत्या कामाला जाताना डोकावली. ती आठवडाभर मुक्कामाने लांबच्या रानात हरभरा काढायला गेली होती. तिने मला पाहिलं, विळा उंबऱ्यावर ठेवला.

“काय गं माय, काय केलंय ह्या पोरीचं?”

“दात काढल्याचं हाये, वन्सं. उतरंल,” माय म्हणाली.

आत्या माझ्यासमोर उकिडवी बसली. “कुठं दुखून राह्यलं, सुमे? बोल नगंस. दाव.” मी बोटाने बाहेरून गालावर जागा दाखवली. ती मायकडे वळली. “अगं, ही तर पुढं दावती. दात मागचा गेला.” माय चुलीकडे वळली. पहिल्या दिवशी दादांनी ती दाढ कागदात गुंडाळून घरी आणली होती आणि मायने ती हातात घेऊन दिव्यापाशी उलटसुलट पाहिली होती, हे मी पाहिलं होतं. दाढ चांगली होती हे मायला नऊ दिवसांपासून माहीत होतं.

आत्या तशीच शाळेत गेली. आमच्या घरातली बाई तोवर कधी शाळेच्या पायरीवर चढली नव्हती. पुढचं मला पाचवीतल्या दोघा पोरांनी सांगितलं, वेगवेगळं, आणि दोघांचं जुळलं. दादा फळ्यावर त्रिकोण काढत होते. आत्या दारात उभी राहिली.

“अरे, चल घरला.”

“सोजरबाई, तास चालू आहे.”

“पोरगी मरून राह्यली आन् तुझा तास चालू हाये? ती म्हनती पुढची दुखती तर पुढचीच दुखती. तुला दुखून राह्यलं का तिला?”

“तुला त्यातलं काही कळत न्हाई.”

“मला न्हाईच कळत. मी धुरात किडे बघणारी. तिला तर कळतं न्हवं तिचं तोंड? चल. जल्दी चल, न्हाईतर ह्या लेकरांपुढं आनखी बोलंन.”

दादांनी खडू ठेवला, हात झटकले आणि हेडमास्तरांना सांगून बाहेर पडले. दुपारच्या एसटीने आम्ही तिघं अंबडला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी गळ्याखाली बोट दाबलं, मला श्वास घ्यायला लावून ऐकलं, आणि हातातलं काम सोडून चिठ्ठी लिहिली. “इथे थांबू नका. जालन्याला जा, आत्ताच्या आत्ता. एसटी नसेल तर ट्रक थांबवा.” आम्ही ट्रकने गेलो. सरकीची पोती होती. आत्याने मला मांडीत बसवून पाठ सरळ धरली होती. दादा ड्रायव्हरशेजारी होते.

जालन्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, शहरी बोलायचा. त्याने आधी माझं तोंड उघडायचा प्रयत्न केला, ते उघडेना. मग त्याने आरशाची लोखंडी दांडी कशीबशी आत सरकवली आणि म्हणाला, “बाळ, मी एकेक दाढ हळूच ठोकणार. दुखली की हात वर कर.” पहिली ठोकली, काही नाही. दुसरी ठोकली, मी हात वर केला नाही, त्याचं मनगटच धरलं. तो म्हणाला, “बरं. आता तू स्वतः बोट ठेव.” मी करंगळी आत घालून ठेवली. तो दादांकडे वळला नाही. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, “हीच आहे.” सव्वा महिन्यात पहिल्यांदा कोणी ते म्हटलं.

त्याच संध्याकाळी जबड्याखाली चीर देऊन पू काढला. वाटीभर निघाला असं आत्या सांगे. ती वाढवून सांगायची, पण वास मला स्वतःला आठवतो. उरलेला पू वाहून जावा म्हणून चिरेत रबराची पट्टी ठेवली. सहा दिवस इंजेक्शनं. दादा शनिवारी शाळेसाठी परत गेले, आत्या माझ्या खाटेखाली चटई टाकून राहिली. तिला वॉर्डात मिश्री लावू देत नसत, म्हणून ती तासातासाला बाहेर जाई आणि परत येऊन नर्सला म्हणे, “बाई, तुमच्यात जेवन देता, पानी देता, मिश्रीचीच काय खोट हाये?” चौथ्या दिवशी मी आडवी झोपले. पुढच्या बुधवारी तोंड दोन बोटं उघडू लागलं आणि डॉक्टरने ती दाढ काढली. ह्या वेळी सुई देऊन तो पुरता थांबला. मूळ बाहेर आलं तेव्हा त्याच्या टोकाला पिवळट पिशवी लटकत होती. त्याने ती मला दाखवली.

दादा त्या दिवशी सकाळीच आले होते. मी खाटेवर बसले होते, खड्ड्यावर कापसाचा बोळा दाबून. अर्धा तास बोलायचं नाही असं डॉक्टरने बजावलं होतं. तो खाटेच्या कडेला टेकून केसपेपर भरू लागला. “आधी काढलेली ती मागची दाढ चांगली असावी असं दिसतंय. खड्ड्याच्या आजूबाजूला काही रोग नाही. ती कोणी दाखवली होती काढायला?” त्याने पेन न उचलता विचारलं.

दादा माझ्याकडे बघत नव्हते. ते ताठ उभे होते, धुतलेल्या पायजम्यात, खिशाला पेन.

“पोरीनंच दाखवली,” ते म्हणाले.

आत्या माझ्या पायाशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ज्या बाईने पाचवीच्या वर्गासमोर त्यांना खडू खाली ठेवायला लावला, तिने पदर ओढून तोंडावर धरला आणि खिडकीबाहेर बघितलं. मी बोळा थुंकायला हवा होता. मी तो दाबून धरला. बोलायचं नाही असं सांगितलं होतं आणि मी पथ्य पाळणारी मुलगी होते. त्याबद्दल मला आजही स्वतःचा राग आहे, दादांवरच्या रागापेक्षा कमी नाही.

पुष्कळ वर्षांनी, दादा निवृत्त झाल्यावर, मी आत्याला त्या दिवसाबद्दल विचारलं. तिला आता दात नव्हते, मिश्री हिरडीला लावायची. “शाळंतली लेकरं आपली व्हती गं,” ती म्हणाली. “तो डॉक्टर परका. परक्यापुढं आपल्यातल्या मास्तराला खोटं कसं पाडू? आपल्यात एकच तर व्हता.” मी म्हणाले, “आणि मी?” ती म्हणाली, “तू जिती व्हतीस न्हवं.”

डॉक्टरने शुक्रवारी घरी सोडलं. रविवारी मी उजवीकडून भाकरी खाल्ली, वरणात बुडवून. दुसऱ्या आठवड्यात तोंड पुरतं उघडलं. जबड्याखालचा व्रण भरला. दादांनी चुलीवरचा कागद काढून टाकला. शाळेचे बुडालेले दिवस त्यांनी वार्षिक परीक्षेआधी स्वतः बसून भरून काढून दिले. बीजगणित त्यांनी इतकं चांगलं शिकवलं की पुढे मला ते कधी अडलं नाही. त्या दाढेबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, मीही बोलले नाही. आमच्या दोघांतलं बोलणं त्यानंतर पुस्तकापुरतं राहिलं.

ते वारल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक मी उघडली. नेमणुकीचे हुकूम, बदलीचे हुकूम, मार्कांच्या याद्या, सगळं वर्षवारी लावलेलं. त्यातच एका लिफाफ्यात जालन्याच्या दवाखान्याचा केसपेपर, चार घड्यांचा. निळ्या शाईत, इंग्रजीत आहे; दाढा त्यात पुढून मोजलेल्या आहेत. माझं नाव, वय तेरा, जबड्याखालील पुवाची गाठ, चीर दिली. खालची डावी पहिली दाढ काढली, मुळाशी गळू. खालची डावी दुसरी दाढ आधीच दुसरीकडे काढलेली, निरोगी असावी. त्याच्यापुढे लिहिलं आहे: रुग्णाने स्वतः दाखवल्यावरून. खाली पालकाची सही आहे.